रट्ट-कदंबांच्या काळचा बेळगाव मुलूख: जुना नकाशा शोधायचा कुठे आणि मांडायचा कसा

खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावाचा इतिहास लिहायला बसलेल्या एका तरुण मित्राने विचारलं आहे: "इ. स. १००० ते १३०० या काळातला बेळगाव परिसराचा नकाशा हवा आहे. त्याच काळात काढलेला मिळाला तर फारच छान, नाहीतर भरवशाचा तरी असावा. पुस्तकात छापायचा आहे. कुठून घ्यावा, श्रेय कसं द्यावं? इंटरनेटवर तीन नकाशे सापडले, त्यांत बेळगाव तीन वेगळ्या राज्यांत दाखवलं आहे. बरोबर कुठला?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तिन्ही बरोबर असू शकतात. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त पेर्माडी राज्य करत होता. त्याच्या लेखांत पलसिगे (म्हणजे हलशी) १२०००, कोंकण ९०० आणि वेळुग्राम ७० हे त्याचे प्रदेश म्हणून येतात; आकड्यांचं पुढे सांगतो. वेळुग्राम म्हणजे आपलं बेळगाव, तेव्हा एक नकाशा खरा. डिसेंबर १२०४ च्या लेखात मात्र सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातला चौथा कार्तवीर्य आणि त्याचा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन वेणुग्रामातून, म्हणजे बेळगावातूनच, राज्य करताना दिसतात, म्हणजे दुसराही खरा. पुढे रट्टांचा शेवटचा राजा दुसरा लक्ष्मीदेव १२२८ च्या सौंदत्तीच्या लेखात भेटतो, आणि १२३८ च्या हरळहळ्ळी ताम्रपटात देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती वीचण रट्टांना आणि कदंबांना नमवल्याची बढाई मारतो. तिसरा नकाशाही खरा ठरला. एका माणसाच्या आयुष्यात बसेल एवढ्या काळात बेळगावला तीन धनी झाले. त्यामुळे नकाशा हातात आला की रंग आणि राजाचं नाव पाहण्याआधी साल शोधा. 'अकरावं ते तेरावं शतक' एवढ्यावर भागवलेला नकाशा या मुलखासाठी कामाचा नाही, मग तो कितीही देखणा असो.

आता मूळ मुद्दा. त्या काळात काढलेला बेळगाव परिसराचा नकाशा उपलब्ध नाही. रट्ट, कदंब, चालुक्य, यादव यांच्यापैकी कुणाच्याही दप्तरातला असा नकाशा आपल्यापर्यंत आलेला नाही. तुम्ही शोधण्यात कमी पडलात असं मुळीच नाही. या राज्यांचा कारभार ज्या लेखांतून आपल्याला दिसतो, त्यांत सारा मुलूख शब्दांत बांधलेला आहे: कुठला नाडू, कुठलं कंपण (हे मुलखाचे विभाग), गावं किती, दान कुठल्या जमिनीचं आणि तिच्या चारी बाजूंना काय. ही शब्दांतली मोजणी दगडावर आणि तांब्याच्या पत्र्यावर आजही जागेवर आहे. त्यामुळे मध्ययुगीन बेळगावचा भरवशाचा नकाशा हवा असेल तर तो लेखांमधून वेचून, एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या मोजणीच्या नकाशावर बसवावा लागतो. काम वेळ खातं, पण एका माणसाला एका तालुक्यापुरतं सहज जमण्यासारखं आहे, आणि तुम्ही ते करावं असं मला मनापासून वाटतं. खानापूर तालुक्याइतकी समृद्ध आणि इतकी दुर्लक्षित जागा कदंबांच्या मुलखात दुसरी नाही.

परदेशी जुन्या नकाशांचा मोह आधीच बाजूला ठेवा. टॉलेमीच्या यादीत बनवासी ओळखू येते, बदामीही बहुतेक अभ्यासक मान्य करतात, पण ती दुसऱ्या शतकातली माहिती आणि अंतरं विश्वासाची नाहीत. सोळाव्या शतकातले पोर्तुगीज आणि डच नकाशे गोव्याची खाडी न् खाडी दाखवतात आणि घाट चढून वर आले की ऐकीव नावांवर येतात. रेनेलचा १७८२ चा हिंदुस्थानचा नकाशा पाहायला सुंदर आहे, पण तो पेशवाईच्या काळचा आहे. मोडी लिपीतले मराठ्यांचे नकाशेही अठराव्या शतकाच्या आसपासचे. हे सगळं पुस्तकात शोभेसाठी छापायला हरकत नाही, फक्त खाली 'कदंबकालीन बेळगाव' असं लिहू नका.

लेख कुठे मिळतात ते सांगतो. पहिला थांबा मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा. बेळगाव जिल्ह्याचा २१ वा खंड १८८४ चा आहे आणि त्यात गावागणिक देवळं, शिलालेख, ताम्रपट यांच्या नोंदी आहेत. पहिल्या खंडाचा दुसरा भाग १८९६ चा. त्यात जॉन फेथफुल फ्लीटने कानडी जिल्ह्यांतल्या राजघराण्यांचा इतिहास लिहिला आहे आणि पानापानाला कुठला लेख कुठल्या गावात आहे ते दिलं आहे. दोन्ही स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहेत. गॅझेटिअरवर थांबू मात्र नका, ती मळवाट आहे. तिथून मूळ वाचनाकडे जायचं: 'एपिग्राफिया इंडिका', 'इंडियन अँटिक्वरी', रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचं नियतकालिक, आणि 'साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स'चे ११, १५, १८ आणि २० हे खंड. हे चार खंड खास मुंबई-कर्नाटकातल्या लेखांचे आहेत, म्हणजे आपलेच. शिवाय धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेले लेख आहेत. धारवाड खानापूरहून दूर नाही. तिथल्या संग्रहालयात ठसे आणि दगड दोन्ही पाहायला मिळतात आणि हाताशी जाणकार असतात. लेख बहुतेक हळेगन्नडमधले आहेत. आपल्याकडची बरीच मराठी मंडळी कन्नड बोलतात, वाचतात. जुनी कन्नड लागत नसेल तर जाणकार माणूस शोधा, इंग्रजी भाषांतरावर सगळा भार टाकू नका. भाषांतरात शिवांचा, म्हणजे हद्दींचा, भाग बऱ्याचदा दोन ओळींत गुंडाळलेला असतो, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो.

लेखातून काय उचलायचं? पाच गोष्टींची वही करा: लेख आज कुठे आहे, मुळात कुठे सापडला, तिथी, दान दिलेलं गाव किंवा शेत, आणि ते ज्या विभागात मोडतं त्याचं नाव. पहिल्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला सांगतो त्याला कारण आहे. बेळगावच्या किल्ल्यातून मिळालेले, रट्ट-जिनालयाच्या दानांचे दोन महत्त्वाचे शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचं वाचन 'एपिग्राफिया इंडिका'च्या १३ व्या खंडात आहे. हलशीचे कदंब ताम्रपट १८६० च्या सुमारास गावाबाहेर नंदगडच्या वाटेवर चक्रतीर्थ नावाच्या छोट्या विहिरीजवळ सापडले. ते तुमच्या काळाच्या बरेच आधीचे आहेत, पण उदाहरण म्हणून चांगले. ताम्रपट दान घेणाऱ्याच्या घरात राहतो, पिढ्यांबरोबर हलतो. तो जिथे सापडला तिथे नकाशावर ठिपका देऊन 'इथे अमक्याचं राज्य' म्हणणं धोक्याचं आहे. ठिपका त्यात नाव आलेल्या गावावर द्यायचा. शिलालेख त्या मानाने आपली जागा सोडत नाही. तरीही देवळाच्या दुरुस्तीत पायरीला लागलेले, तळ्याच्या बांधातून आणून मारुतीसमोर उभे केलेले दगड खूप आहेत. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारल्याशिवाय जागा पक्की धरू नका.

तिथीबद्दल जरा सविस्तर, कारण नकाशावरचं साल इथेच चुकतं. कार्तवीर्याच्या बेळगाव लेखात शक ११२७ आहे. सवयीने आपण ७८ मिळवतो आणि १२०५ लिहून मोकळे होतो. पण लेखात संवत्सराचं नाव रक्ताक्षी आणि तिथी पौष शुद्ध द्वितीया. साठ संवत्सरांच्या चक्रात रक्ताक्षी १२०४-०५ ला येतो, पुढच्या वर्षी क्रोधन लागतो. म्हणजे लेख कोरणाऱ्याने चालू शक धरला आहे, सरलेला नव्हे, आणि मिळवायचे ७७. पौष शुद्ध द्वितीया डिसेंबर १२०४ मध्ये पडते. एका वर्षाचा फरक किरकोळ वाटेल, पण बेळगावचे धनी बदलत होते ते नेमके याच दशकांत. प्रत्येक लेखाचं संवत्सर ताडून पाहा. पंचांग चाळायची सवय असलेल्या घरात वाढलेल्या माणसाला हे दोन मिनिटांचं काम आहे.

विभागांच्या नावांपुढचे आकडे हा सगळ्यांना गोंधळात टाकणारा भाग. कूंडी ३००० (हा रट्टांचा मुलूख), पलसिगे १२०००, वेणुग्राम ७०, तोरगले ६०००, मिरिंजे ३०००, बनवासी १२०००. हे आकडे गावांचे की महसुलाचे की आणखी कशाचे, यावर विद्वानांत एकमत नाही. लहान आकडे, ७० किंवा ३०, हे गावांच्या संख्येशी जुळताना दिसतात. १२००० चा अर्थ शब्दशः बारा हजार गावं असा घेतला तर ती मावणार कुठे? तेव्हा आकडा हा विभागाच्या नावाचा भाग समजा आणि त्यावरून क्षेत्रफळ काढायच्या फंदात पडू नका. आकडा मोठा म्हणून रंगाचा पट्टा मोठा काढलेले नकाशे मी पाहिले आहेत, आणि त्यांवरून पुढच्या लोकांनी काढलेले नकाशेही. आकड्यांचा खरा उपयोग पायऱ्या लावायला होतो. धारवाडजवळचं नरेंद्र म्हणजे लेखांतलं कुंदूर. कुंदूर ५०० हा पलसिगे १२००० चा पोटविभाग. मुगद हे मुगुंद ३० चं मुख्य गाव, तेही पलसिगेतच. एवढ्या दोन नोंदींवरून लक्षात येतं की हलशीच्या नावाने चालणारा विभाग पूर्वेला थेट धारवाडपर्यंत पोचला होता. आजच्या जिल्ह्याच्या हद्दी डोक्यात ठेवून बसलो तर हे दिसतच नाही.

आता हे ठिपके टाकायचे कशावर? सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या एक इंच-एक मैल पत्रकांवर. बेळगाव मुलखाची गंमत अशी की तो चार मोठ्या पत्रकांच्या सांध्यावर आहे. १६ अंश अक्षांश आणि ७५ अंश रेखांश दोन्ही जिल्ह्यातून जातात. बेळगाव शहर, खानापूर, हलशी ४८ आय मध्ये. सौंदत्ती ४८ एम मध्ये. चिकोडी, हुक्केरी, गोकाक ४७ एल मध्ये. अथणी ४७ पी मध्ये. हलशीचं एक इंची पत्रक ४८ आय/१०. बेळगाव शहर तर ४८ आय/५ आणि ४८ आय/९ यांच्या कडेवरच येतं, दोन्ही घ्यावी लागतात. नवीन ओपन सिरीज पत्रकांचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे असतात, जुने क्रमांक तिथे शोधू नका. जुनी पत्रकं दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, आणि काही ऑनलाइन संग्रहांत आहेत. ती हाती येईपर्यंत टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची अमेरिकी लष्कराची यू ५०२ मालिका घ्या. १:२,५०,००० प्रमाणाची आहे, मोफत उतरवता येते, आणि तिच्यात मोठी धरणं होण्याआधीचा मुलूख आहे.

हे धरणांचं विसरू नका. हिडकलच्या धरणाने घटप्रभेचं खोरं आणि नविलुतीर्थाच्या धरणाने मलप्रभेचं खोरं १९७० च्या दशकात पाण्याखाली गेलं. हा ऐन कूंडीचा मुलूख. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं, ते पाहायला लोक गर्दी करतात. तसं न दिसणारी किती शिवारं आणि दगड खाली आहेत याची कल्पना जुन्या पत्रकावरूनच येते. उपग्रहाच्या चित्रावर बसून कूंडीची गावं शोधणारा माणूस जलाशयाच्या काठावर भलतंच गाव पकडतो.

त्याहून बारीक पातळीवर उतरायचं तर गावनकाशा. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गावोगावचे नकाशे झाले. ३३ फुटी साखळी, सोळा आण्यांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा. सर्व्हे ऑफिसात अर्ज करून गावनकाशाची नक्कल मिळते आणि कर्नाटकच्या भूमापन खात्याच्या संकेतस्थळावरही गावनकाशे ठेवले आहेत. आताच्या प्रतींवर फोडी होऊन पोटनंबर वाढलेले असतात, काही गावांत एकत्रीकरणानंतर ब्लॉक नंबर आले आहेत. म्हणून शक्य असेल तिथे सर्वांत जुनी प्रत मागा आणि जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता बरोबर घ्या. गावाच्या बाहेरच्या शिवा आतल्या नंबरांपेक्षा फार कमी बदलतात, आणि आपलं काम शिवांवर चालतं.

संस्थानांची गावं मात्र वेगळी शोधावी लागतात. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, आपल्या शहराला चिकटलेलं शहापूर सांगली संस्थानात, रामदुर्ग स्वतंत्र संस्थान. या गावांचे मोजणीचे कागद इंग्रजी जिल्ह्याच्या दप्तरात सापडत नाहीत. रायबागसाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराचा रस्ता धरा. उलट चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यात होता, १९५६ ला तो कोल्हापूरकडे गेला. १८८४ च्या गॅझेटिअरमध्ये चंदगडची माहिती बेळगावात दिसली तर गोंधळू नका. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात असल्यामुळे मोजणीचे अहवाल, पत्रव्यवहार, जुने तालुकानकाशे यांचा मोठा भाग मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आहे. बेंगळुरूला खेटे घालण्याआधी मुंबईला जा.

आता लेखातली शीव नकाशावर कशी बसवायची ते एकदा जवळून पाहू, कारण सगळी मजा आणि सगळी मेहनत इथे आहे. दानाच्या लेखात जमिनीच्या हद्दी बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून सुरू होऊन उजवीकडे फिरत येतात: तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, मग ओढा, मग तळ्याचा सांडवा, चिंचेचं झाड, माळावरचा उंचवटा, रोवलेले दगड, अमक्या गावची वाट, आणि परत पहिल्या दगडाशी. समजा असा एक लेख आणि त्या गावाचा जुना गावनकाशा तुमच्यासमोर आहे. झाड आणि वाट पहिल्यांदा सोडून द्या. ओढा आणि तळं यांच्यापासूनही सुरुवात करू नका. आधी तीन शिवांचा सांधा शोधा. गावनकाशावर तो खुणेने दाखवलेला असतो आणि शेजारच्या दोन गावांच्या नकाशांवरही तोच बिंदू यायला हवा, म्हणजे तीन कागदांवर एकच जागा तपासता येते. तो सांधा लेखात ईशान्येला असेल आणि नकाशावरही ईशान्येला सापडला, तर तिथून उजवीकडे फिरायला लागा. पुढचा ओढा क्रमाने आला, मग तळं आलं, तर तुमचं गाव बरोबर ओळखलं गेलं असण्याची शक्यता खूप वाढते. ओढा तळ्याच्या नंतर आला किंवा उलट्या बाजूला आला, तर थांबा. नुसतं नाव जुळतंय म्हणून ओढून-ताणून बसवू नका. आपल्या भागात एकाच नावाची गावं किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे: बागेवाडी घ्या, हट्टी आणि वाडी शेवट असलेली शेकडो नावं घ्या. नावाच्या साम्यापेक्षा शिवांचा क्रम जास्त बोलतो.

कागदावर जुळलं की शिवारात जा. पावसाळा संपून पीक निघाल्यावर, माळ मोकळा असताना. शिवेवर चंद्र-सूर्य कोरलेला दगड सापडला तर फोटो काढा, जीपीएस घ्या, आणि दगडाला हात लावू नका. शेजारच्या शेतकऱ्याला त्याचं नाव विचारा. 'आजोबा म्हणायचे इथून पुढे त्यांची शीव' असं एक वाक्य मिळालं तरी ते वहीत तारखेसह लिहा.

जुनं पत्रक किंवा गावनकाशा संगणकावर आजच्या नकाशाशी जुळवायला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर पुरे होतं. जुनी पत्रकं पृथ्वीच्या आकाराच्या 'एव्हरेस्ट' नावाच्या जुन्या मापावर आहेत, जीपीएस वेगळ्या मापावर, त्यामुळे कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश टाकून जुळवलं तर सगळा नकाशा एका बाजूला सरकतो. त्यापेक्षा न हललेल्या खुणा घ्या: हलशीच्या भूवराह-नरसिंहाचं देऊळ, देगावचं कमलनारायण, त्रिकोणमितीय मोजणीचे डोंगरमाथ्यावरचे टप्पे, दगडी पुलांची टोकं. गावनकाशासाठी तीन शिवांचे सांधे. खुणा नकाशाभर पसरलेल्या हव्यात, एका कोपऱ्यात गोळा झालेल्या नकोत.

आता तुम्हाला पुस्तकात छापायचा नकाशा. माझं ठाम मत असं की त्यात ठिपके पक्के दाखवावेत आणि रेघ जमल्यास काढूच नये. कूंडीचे ठिपके पाहा: सौंदत्ती, म्हणजे लेखांतलं सुगंधवर्ती, कल्होळी, कोण्णूर, नेसरगी, आणि आज बागलकोट जिल्ह्यात असलेलं तेरदाळ. पलसिगेचे ठिपके: हलशी, गोळीहळ्ळी, कित्तूर, आणि पेर्माडीची राणी कमलादेवी हिने देऊळ बांधलेलं देगाव. नेसरगी रट्टांकडे, देगाव कदंबांकडे. या दोघांच्या मधून दोन राज्यांची हद्द कुठून तरी जात होती, हे खरं. पण नेमकी कुठून, ते सांगणारा लेख हाती नसताना तिथे बारीक काळी रेघ मारली तर वाचक तिला आजच्या जिल्ह्याच्या हद्दीसारखी मानतो. हद्द सुचवायचीच असेल तर फिकट पट्टा द्या. प्रत्येक ठिपक्याला क्रमांक, आणि मागे त्या क्रमांकाचा लेख, शक, संवत्सर, राजा. नकाशाच्या मथळ्यात एकच साल घाला, उदाहरणार्थ 'डिसेंबर १२०४ ची स्थिती', आणि त्यापुढे-मागे पंचवीस वर्षांतले लेख वेगळ्या खुणेने दाखवा. जमल्यास तीन छोटे नकाशे करा: ११७५, १२०४, १२४०. मग तुम्हाला पडलेला तीन राज्यांचा प्रश्न तुमच्या वाचकाला पडणारच नाही.

तयार नकाशा हवाच असेल तर शिकागो विद्यापीठाचा १९७८ चा दक्षिण आशियाचा ऐतिहासिक ॲटलास बघा. श्वार्ट्झबर्गने संपादित केलेला, त्या विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयात खुला आहे. सबंध दख्खनचं चित्र समजायला त्याला तोड नाही, पण प्रमाण लहान, त्यामुळे वेणुग्राम ७० सारखे विभाग त्यात शोधू नका. आणि तुमचा इतिहास पुढे आदिलशाही-मुघलांपर्यंत जाणार असेल, १४७२ चा महमूद गवानचा विजय, १६८६ नंतरचं आझमनगर हे बेळगावचं नाव, तर इरफान हबीब यांचा १९८२ चा मुघल साम्राज्याचा ॲटलास. सरकार आणि परगणे त्यातून लागतात, आणि काही परगण्यांच्या ठाण्यांवरून मागच्या काळातल्या विभागांची मुख्य गावंही सुचतात. नुसती सुचतात, सिद्ध होत नाहीत.

छापण्याच्या हक्कांचं थोडक्यात. सरकारी प्रकाशनाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं राहतो, त्यामुळे गॅझेटिअरचे आणि इंग्रजी काळातल्या पत्रकांचे नकाशे तुम्ही वापरू शकता. पण ज्या संग्रहाने स्कॅन दिलं त्याच्या अटी वाचा, काही जण छपाईसाठी परवानगी आणि शुल्क मागतात. यू ५०२ मालिका मोकळी आहे. वर सांगितलेले दोन्ही ॲटलास मात्र हक्काखाली आहेत, त्यांचं पान जसंच्या तसं छापायला परवानगी लागेल. श्रेय देताना नकाशाचं नाव, पत्रक क्रमांक, आवृत्तीचं साल, संग्रह आणि संग्रहातला क्रमांक, एवढं हवंच. 'इंटरनेटवरून साभार' हे श्रेय नव्हे. आणि तुम्ही स्वतः जुळवून केलेल्या नकाशाखाली 'आधारनकाशा अमका, लेखांच्या जागा लेखकाने निश्चित केल्या' असं स्पष्ट लिहा. मेहनत तुमची आहे, ती दिसायला हवी, आणि चुकलं तर विचारणाऱ्याला माणूस सापडायला हवा.

एक गोष्ट आपल्या भागात राहून न बोलता पुढे जाता येत नाही. सीमाभागात जुना नकाशा म्हटलं की लोक लगेच विचारतात, हा आपल्या बाजूने बोलतो की त्यांच्या? तुमचं पुस्तक आलं की हा प्रश्न तुम्हालाही येईल. रट्टांचे लेख कन्नडमध्ये आहेत, यादवांचा अंमल देवगिरीहून आला, कदंब गोव्यातून आणि हलशीतून राज्य करत होते. १९५६ च्या रेघेच्या बाजूने किंवा विरुद्ध साक्ष द्यायला यांतला एकही दगड कोरलेला नाही. मराठी माणसाची या मातीतली मुळं सांगायची असतील तर त्यासाठी वेगळे, नंतरच्या काळातले भरपूर कागद आहेत. बाराव्या शतकातल्या दानाच्या लेखावर तो भार टाकू नका. नावं मात्र दोन्ही भाषांत द्या. लेखातलं रूप पहिल्यांदा, त्यानंतर आज मराठीत आणि कन्नडमध्ये लोक म्हणतात ती दोन्ही रूपं. बैलहोंगलचा वाचक आणि नंदगडचा वाचक, दोघांनाही आपलं गाव त्यात सापडलं पाहिजे.

राहिला खानापूरचा पश्चिम भाग: कणकुंबी, आमगाव, हेम्माडगा, गवाळी, तळेवाडी, भीमगडचं रान. वर दिलेल्या ठिपक्यांपैकी एकही इथे पडत नाही, आणि घाटवाटांचा हा पट्टा कदंबांना गोवा आणि हलशी जोडायला लागत होता हे उघड आहे. हा भाग रंगवून टाकू नका. तिथे वनखात्याचे जुने नकाशे आणि एक इंची पत्रकं घेऊन जा आणि पाणवठे, खिंडी, देवराया, ओसाड गावठाणं यांची नावं तिथल्या वयस्क माणसांकडून लिहून घ्या. भीमगड २०११ ला अभयारण्य झालं आणि काही वस्त्या उठण्याची बोलणी चालू आहेत, तेव्हा हे काम शिलालेखांच्या आधी उरका. प्रत्येक नावापुढे सर्व्हे नंबर, सांगणाऱ्याचं गाव आणि तारीख टाका.